कुणाचा रं तू?

चैत्रातल्या एका दुपारी कापूरहोळच्या फाट्यावर एक टेम्पो भोरच्या रस्त्याला वळण्यासाठी थांबला होता. मागच्या हौद्यात पाळण्याचे सुटे केलेले भाग रचलेले. लोखंडी कांबी, दोरखंडाची वेटोळी, आणि त्यांवर आडवे टाकलेले चार लाकडी घोडे. मानेला लाल रंग, डोळ्यांना काळा. एका घोड्याच्या पायांना कुणीतरी जुनी चादर सुतळीनं गुंडाळली होती, रंग खरवडू नये म्हणून. पुण्याच्या एस.टी.तून उतरलेला, पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ पिशवी पायाशी ठेवून त्या घोड्यांकडं बघत उभा राहिला. टेम्पो वळला, धूळ खाली बसली, तरी तो जागचा हलला नव्हता. त्याच्या गावची यात्रा दुसऱ्याच दिवशी होती. हे घोडे कुठल्या गावाला निघालेत, हे त्याला कुणाला तरी विचारायचं होतं.

कापूरहोळ हे वळायचं गाव. पुण्याहून साताऱ्याकडं जाणारा महामार्ग इथून जातो. उजव्या हाताला भोर, डाव्या हाताला केतकावळ्याचा बालाजी, नारायणपूर आणि पुरंदराच्या पायथ्यावरून पुढं सासवड. दत्तजयंतीला नारायणपूरला निघालेली माणसं इथं वळतात, पौषात मांढरदेवीच्या काळूबाईला निघालेल्या गाड्या इथंच भोरकडं तोंड करतात. माघी पौर्णिमेपासून दहा दिवस वीरच्या म्हस्कोबाची यात्रा असते, त्या दिवसांत ‘सवाई सर्जाचं चांगभलं’ ही आरोळी एखाद्या गाडीतून उठते आणि चहाच्या टपरीवरचा माणूसही हातातला कप तसाच धरून तिला साथ देतो. मोठ्या देवांच्या यात्रा अशा मोठ्या रस्त्यानं जातात. लहान देवांच्या यात्रा मात्र महामार्गावरून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी फाट्यावरून आत चालावं लागतं.

त्याचं गाव असंच आत, पायी तासाभराच्या अंतरावर. ग्रामदैवत भैरवनाथ. इकडच्या बहुतेक गावांच्या यात्रा चैत्र-वैशाखात येतात, आणि ज्या त्या गावाची तिथी वेगळी. जुन्या माणसांनी ही वाटणी कधी आणि कशी केली कोण जाणे, पण ती फार शहाणपणाची आहे. सगळ्यांच्या यात्रा एकाच दिवशी आल्या असत्या, तर पाहुणा कुणाच्या दारात गेला असता? रेवडीवाले, पाळणेवाले, तमाशाचे फड किती ठिकाणी पुरले असते? शिवाय हा काळच मोकळा. भाताची खाचरं रिकामी पडलेली असतात, राब भाजून काळे झालेले असतात, आणि ढग यायला अजून अवकाश असतो. भाटघरच्या धरणाचं पाणी याच दिवसांत खाली जातं. वर्षातले बहुतेक महिने पाण्यात बुडून असलेलं कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ उन्हाळ्यात वर येतं, माणसं चिखल तुडवत त्याच्या दर्शनाला जातात. लहानपणी त्याला वाटायचं, यात्रेचे दिवस आले म्हणून देवही पाण्यातून बाहेर येत असेल.

तो दहा वर्षांचा होता, तेव्हाची यात्रा त्याच्या मनात सगळ्यांत जास्त रुतून बसली आहे. साल १९८२.

त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. दत्ता सामंतांच्या पाठीमागं सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतल्या कितीतरी घरांचा एक माणूस तेव्हा मुंबईत होता, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात पाठीवर ओझी वाहत. त्याचे चुलते, तात्या, गिरणीत साच्यावर होते. एरवी ते यात्रेच्या आदल्या संध्याकाळी यायचे. पांढरा पायजमा, हातात पत्र्याची पेटी, पेटीत मुलांसाठी हलव्याचे चौकोनी तुकडे आणि आजीसाठी तपकिरीची डबी. त्या वर्षी ते फाल्गुनातच आले. पेटी होती, पण हलकी होती. मुलांच्या ते लगेच लक्षात आलं आणि मुलांनी काही मागितलं नाही.

यात्रा म्हटली की आधी पट्टी. घरटी ठरलेली वर्गणी, तिला आमच्याकडं पट्टी म्हणतात. देवळात बैठक बसते, मागच्या वर्षीचा जमाखर्च वाचला जातो, तमाशा कोणता आणायचा यावर दोन तास बोलणं होतं, आणि शेवटी आकडा ठरतो. गावात राहणाऱ्यांची पट्टी वेगळी, मुंबईकरांची वेगळी आणि जास्त. ती वहीत वेगळ्या पानावर असायची. लाल कापडी बांधणीची, दोऱ्यानं बांधलेली लांबट वही. ज्याचं नाव त्या वहीत, तो गावचा. घराला कौलं आहेत की गवत, याला तिथं किंमत नव्हती.

त्या वर्षी बैठकीत मुंबईकरांचं पान उघडलं आणि वाचणारा थांबला. पानावरची अर्धी माणसं संपावर होती. काही बैठकीतच, खांबाला टेकून, खाली मान घालून बसलेली. तो पोरगा देवळाच्या पायरीवर बसून हे बघत होता. तात्या उठले आणि म्हणाले, ‘‘माझं नाव या वर्साला खोडा. पुढच्या वर्साला दुप्पट देतो.’’ कुणी काही बोललं नाही. मग गावातले सगळ्यांत वडीलधारे नाना, ज्यांना कमी ऐकू यायचं पण बैठकीत सगळं ऐकू यायचं, ते बसल्या जागेवरून म्हणाले, ‘‘नाव खोडायचं न्हाय. नाव लिवा. आकड्याची जागा मोकळी ठेवा.’’

तसंच लिहिलं गेलं. ती मोकळी जागा त्यानं नंतर पुष्कळदा आठवून बघितली आहे. शून्य लिहिलं असतं तर ती बाकी झाली असती.

तात्या मात्र हात बांधून बसणाऱ्यांतले नव्हते. पट्टी नाही तर राबणूक, असं म्हणत त्यांनी छबिन्याची दिवटी मागून घेतली. आणि दिवटी आली की बुधली आली. देवाच्या कामात ही जोडीनंच बोलायची गोष्ट आहे, दिवटी-बुधली. दिवटी म्हणजे जळती मशाल, बुधली म्हणजे तिला तेल पाजणारं भांडं. दिवटी धरायला माणूस लागतो, बुधली धरायला पोर चालतं. तात्यांनी अंगणात उभ्या असलेल्या पुतण्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘‘झोप आवरल का?’’ तो म्हणाला, ‘‘आवरल.’’

बुधली पितळेची होती. पोट फुगीर, मान अरुंद, पुढं चोच आणि मागं बोटं अडकवायला कडी. कित्येक वर्षांच्या तेलानं तिच्या मानेखाली काळा थर बसलेला, आणि हाताळून हाताळून कडी मात्र सोन्यासारखी पिवळी. भरली की दहा वर्षांच्या मनगटाला जड जायची. आजीनं ती चिंच आणि राख लावून घासून दिली, तरी वास गेला नाही. करडईच्या तेलाचा, जळक्या चिंध्यांचा, थोडा कापराचा. तात्यांनी दुपारी बसून दिवटी बांधली. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, त्या एकीवर एक घट्ट गुंडाळल्या आणि प्रत्येक फेऱ्याला अंगठ्यानं दाबून बघितलं. साच्यावरचा माणूस, धाग्याचा ताण त्यांच्या बोटांना कळत होता. ‘‘सैल बांधली की भडकती, लई आवळली की तेल पीत न्हाय,’’ ते म्हणाले. संपाबद्दल त्या आठवड्यात कुणाशी ते एवढंही बोलले नव्हते.

रात्री दहाच्या सुमाराला पालखी उठली. पुढं ढोल आणि लेझीम, मग सनई, मग डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं, मग देव. दिवटी अगदी पालखीच्या दांड्याजवळ. गॅसबत्त्यांचा उजेड पांढरा आणि स्थिर. दिवटीचा उजेड पिवळा, हलता, त्यात माणसांचे चेहरे कधी दिसत आणि कधी पुसले जात. देवाच्या चांदीच्या टाकावर मात्र तोच उजेड पडला पाहिजे, असा दंडक. त्या पोराचं काम एवढंच, की ज्योत बसायला लागली की पुढं व्हायचं, तात्या दिवटी तिरपी करतील तेव्हा चोच टेकवायची, धार धरायची आणि मागं सरायचं.

पहिल्या चार वेळा ते छान जमलं. पाचव्या वेळी डोळ्यांवर झापड होती. धार जास्त झाली, दिवटीनं एकदम तोंड पसरलं आणि त्याच्या उजव्या भुवईचे केस जळाल्याचा वास त्यालाच आला. तो दचकला, पण बुधली सोडली नाही. तात्यांनी दिवटी उंच धरली, दुसऱ्या हातानं त्याचं तोंड आपल्याकडं वळवून बघितलं आणि म्हणाले, ‘‘लेकराला दूध पाजत्यात तसं घालायचं. थोडं थोडं.’’ पालखी एक क्षणही थांबली नव्हती. ते दोघे घाईनं पुढं झाले आणि पुन्हा तिच्या पावलाला पाऊल लागलं.

छबिना प्रत्येक दारापुढं थांबतो. बाया पाणी घालतात, ओवाळतात, नारळ देतात. त्या रात्री जवळजवळ प्रत्येक दारात त्याला एकच प्रश्न ऐकू आला. ओवाळून झालेली बाई ताट खाली करायची, दिवटीच्या उजेडात त्याच्याकडं निरखून बघायची आणि विचारायची, ‘‘कुणाचा रं तू?’’ गावातली सगळी माणसं त्याला ओळखत होती, तरी विचारत होती. माहेरवाशिणी आणि पाहुण्यांना खरंच माहीत नसायचं. तो वडिलांचं नाव सांगायचा. मग त्या वर आजोबांचं नाव लावायच्या, त्यावर आजीचं माहेर, आणि पाहता पाहता तीन गावं आणि चार घरं त्या एका पोराच्या भोवती येऊन उभी राहायची. शाळेत हजेरी घेतात तेव्हा नाव फक्त एक होऽऽ ऐकून पुढं जातं. इथं नाव थांबायचं, वाढायचं.

मोठ्या यात्रेत हा प्रश्न विचारायला कुणाला सवड नसते, आणि तिथल्या गर्दीत माणूस फार एकटा असतो. २००५ च्या २५ जानेवारीला मांढरदेवीच्या चढावर चेंगराचेंगरी झाली आणि तीनशेच्या आसपास माणसं गेली. भोरवरून घाट चढून ज्या देवीला पिढ्यान् पिढ्या माणसं नवस फेडायला जात होती, तिच्या पायऱ्यांवर. त्यानंतर कितीतरी दिवस या रस्त्यावरची माणसं त्या डोंगराकडं बघायची आणि बोलणं अर्धवट सोडायची. लहान गावच्या यात्रेतही पोरं हरवतात. रेवड्यांच्या पाटीपुढं हात सुटतो आणि पोर रडत उभं राहतं. पण तिथं दहा पावलांच्या आत कुणीतरी वाकून तोच प्रश्न विचारतं, आणि उत्तर आलं की पोर कडेवर घेऊन चालू लागतं. पत्ता विचारावा लागत नाही.

यात्रेच्या दिवशी पोर जेवायला कुठं बसेल, हेही सांगता येत नसे. पहिल्या दिवशी देवाचा नैवेद्य, घरोघर पुरणपोळी आणि कटाची आमटी. दुसऱ्या दिवशी खारं, म्हणजे मटण-भाकरी, आणि भोरकडचा आंबेमोहोर ज्याच्या घरी शिजला असेल त्याच्या घराचा वास ओढ्यापलीकडं. ज्या दारात खेळ थांबला त्या दारात ताट मिळायचं. याचं कुणाला विशेष वाटायचं नाही. कापूरहोळच्या आसपास वाढलेल्या माणसाला इथं धाराऊंची आठवण होते. पुरंदरावर १४ मे १६५७ ला शंभूराजांचा जन्म झाला, सईबाई आजारी, बाळाला दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊ दूधआई म्हणून गेल्या. त्यांची मुलं अंतोजी आणि रायाजी पुढं राजांच्या सोबतीला राहिली. आज महामार्गावरून ताशी ऐंशीच्या वेगानं जाणाऱ्याला कापूरहोळ म्हणजे एक पाटी आणि दोन हॉटेलं दिसतात. पण दुसरीच्या लेकराला आपल्या अंगावर पाजणाऱ्या बाईचं हे गाव आहे, आणि या परिसरातली माणसं धाराऊंचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात.

बायकांची यात्रा मात्र चुलीपुढंच व्हायची, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. त्याच्या आईनं त्या दोन दिवसांत देवळाची पायरी एकदाच चढली, नैवेद्य घेऊन. उरलेला सगळा वेळ ती पुरण वाटत होती. पाटा-वरवंट्याचा आवाज पहाटे सुरू झाला तो ढोलांच्या आवाजात मिसळला, आणि ढोल थांबल्यावर पुन्हा ऐकू आला. त्याची मोठी बहीण बारा वर्षांची. तिच्याकडं काम होतं पाण्याचं. विहीर ते घर, घर ते मांडव, डोक्यावर दोन हंडे. आखाड्याच्या बांधापर्यंत तिनं दोनदा पाणी नेलं आणि दोन्ही वेळा तिला परत पाठवलं गेलं, कारण मुलींनी कुस्तीला थांबायचं नसतं. ती काही बोलली नाही. रात्री भावाच्या जळक्या भुवईला लोणी लावताना तिनं त्याला कुस्तीबद्दल एकेक गोष्ट विचारून घेतली. कुणी कुणाचा पाय धरला, कोण आधी खाली गेला, माती कोरडी होती की ओली. २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली, तेव्हा त्यानं पहिला फोन बहिणीला केला. ती म्हणाली, ‘‘टीव्हीवर बघितली मी. पट आधीच काढायला हवा होता तिनं, थोडा उशीर केला.’’ बहिणीचं आता चाळीस वर्षांचं सासर आहे. पट काढणं हा शब्द ती कुठून आणि केव्हा शिकली, हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

आखाडा गावाखालच्या खाचरात. भाताच्या खाचराइतकी कुस्तीला चांगली जागा नसेल. जमीन सपाट, चारी बाजूंनी बांध, बांधावर बसलं की सगळं दिसतं. आदल्या दिवशी ते नांगरून ढेकळं फोडली जात, खडे वेचले जात. खडे वेचायचं काम पोरांचं. त्यामुळं कुठला खडा राहून गेलाय हे पोरांना माहीत असायचं. दुपारी उन्हं कलली की हलगी आणि घुमकं सुरू व्हायचं. हलगीचा तो ठेका एकदा कानात गेला की पोटात काहीतरी हलू लागतं, माणूस साठीचा असला तरी.

पहिल्या कुस्त्या पोरांच्या. रेवड्यांवरच्या, मग नारळावरच्या, मग रुपयाच्या, आणि वाढत वाढत शेवटच्या कुस्तीपर्यंत. जोड लावायची रीत मोठी देखणी. पंच एका पोराचा हात धरतो, आखाड्याला फेरी मारतो आणि समोरून दुसरा पंच दुसऱ्या पोराला घेऊन येतो. उंची बघतात, वजनाचा अंदाज घेतात, दोघांचे दंड दाबतात. ‘‘हाय का जोड?’’ असं बांधाला विचारतात. बांध होय म्हणाला की कुस्ती लागते.

त्याला पंचानं हात धरून आत घेतलं तेव्हा कमरेला थोरल्या चुलतभावाचा लंगोट होता, दोन वेढे जास्त घेऊन बांधलेला. समोरचं पोर खिंडीपलीकडच्या गावचं, डोकं तासलेलं, कानात बारीक बाळ्या. पंचानं वाकून विचारलं, ‘‘कुणाचा रं तू?’’ त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. हलगीच्या आवाजात ते पंचाला ऐकू गेलं नसावं, किंवा त्याच्या मनात दुसरंच असावं. त्यानं हात वर करून बांधाला ओरडून सांगितलं, ‘‘गिरणीवाल्या तात्याचा पुतण्या!’’

बांधावर क्षणभर सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. तिथं तात्या गुडघ्यांना हातांची मिठी घालून बसले होते. महिनाभर लोकांच्या नजरा टाळणारा तो माणूस. त्यांनी मिठी सोडली, उजवा हात वर केला आणि तसाच धरला.

कुस्ती फार चालली नाही. दोघांनी मूठभर माती एकमेकांच्या अंगावर टाकली, मनगटं धरली, डोक्याला डोकं लावलं आणि ढकलाढकली केली. त्याला एवढंच आठवतं, की समोरच्या पोराच्या मानेला घामाचा आणि गोड्या शेवेचा वास येत होता. एकदा तो खाली गेला आणि तोंडात माती आली, एकदा ते पोर गेलं. पंचानं बरोबरीत सोडवली. नारळ एकच होता. पंचानं तो तिथंच दगडावर फोडला, पाणी मातीला दिलं आणि एकेक वाटी दोघांच्या हातात ठेवली. संध्याकाळी ते बाळीवालं पोर त्यांच्याच पडवीत जेवायला होतं. त्याच्या वडिलांना तात्या ओळखत होते.

या महामार्गानं पुढं गेलं की सातारा, मग कराड, आणि कराडाजवळ गोळेश्वर. खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्या प्रवासाला पैसे नव्हते. गावोगाव हिंडून वर्गणी मागितली गेली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. पदक घेऊन खाशाबा परतले तेव्हा कराडच्या स्टेशनापासून गावापर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती मिरवणूक काढणाऱ्यांत वर्गणी दिलेली माणसं असणार आणि द्यायला काही नसलेलीही. बैल मात्र सगळ्यांचे सजवलेले असणार.

रात्रीचा तमाशा पोरांना निम्मा कळायचा. गणगौळण बघायची, वग सुरू झाला की झोपायचं, आणि सकाळी हजेरीला पुन्हा जाऊन बसायचं. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम होती, हे शाळेत गुरुजींनी सांगितलं तेव्हा सगळ्या वर्गाला वाटलं होतं, आपल्याच गावचा छबिना दिल्लीला जाऊन आला.

तात्या पुन्हा गिरणीत गेले नाहीत. पुष्कळांची गत तीच झाली. त्यांनी दोन खाचरं कसली, कापूरहोळच्या फाट्यावर काही वर्षं भाजी विकली आणि दर यात्रेला दिवटी धरली. वहीतली ती मोकळी जागा त्यांनी तीन वर्षांनी भरली. दुप्पट करून. पुतण्या शिकायला पुण्याला गेला तेव्हा बुधली धाकट्या कुणाकडं गेली, मग त्याच्या धाकट्याकडं.

आता वहीच्या जोडीला मोबाईलवर गावाचा गट आहे. फाल्गुन संपता संपता पट्टीचा आकडा तिथं येतो, माणसं पुण्यातून, पनवेलीतून, कुणी दुबईतून फोनवरच पैसे पाठवतात, आणि पाठोपाठ हात जोडल्याची चित्रं येतात. लाल वही तरीही लिहिली जाते. यात्रेच्या आदल्या रात्री देवळात ती अजून मोठ्यानं वाचतात, आणि आपलं नाव ऐकायला माणसं आवर्जून थांबतात.

तो फाट्यावरून गावात पोचला तोवर दिवेलागण झाली होती. तात्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या मुलाच्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, हात वर जात नव्हता. ‘‘दादा, यंदा दिवटी तू धर,’’ तो म्हणाला, आणि बुधली आपल्या मुलीच्या हातात दिली. तात्यांची नात. धनकवडीत राहणारी, पाचवीतली, केस दोन शेपट्यांत घट्ट बांधलेले. मुलीनं बुधली धरायची का, असं देवळात दोघातिघांनी विचारलं. तिची आजी, तात्यांची मालकीण, ओट्यावरून उतरून आली आणि तिनं स्वतः तेल भरलं. मग कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दिवटी बांधली. पट्ट्या आवळताना अंगठा कुठं दाबायचा हे हाताला आठवत होतं. मुलगी शेजारी बसून बुधलीच्या चोचीतून एकेक थेंब दगडावर पाडून बघत होती. थेंब केव्हा सुटतो आणि धार केव्हा होते, यासाठी मनगट किती वळवायचं, हे तिचं तिनं शोधून काढलं. गॅसबत्त्या आता नाहीत, त्यांच्या जागी जनरेटरवरचे मोठे दिवे गाडीवर लावलेले असतात. देवाजवळ मात्र अजून दिवटीचाच उजेड.

पालखी खालच्या आळीत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. एका दारात एक खूप म्हातारी बाई पाट टाकून बसली होती, तिला उठवत नव्हतं. सुनेनं ओवाळलं, पाणी घातलं. म्हातारीनं डोळ्यांवर तळहाताची सावली धरली आणि दिवटीशेजारच्या त्या मुलीकडं बघत विचारलं, ‘‘कुणाची गं तू?’’

मुलीनं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ज्योत बसली.

‘‘थांबा हं आजी, तेल संपतंय,’’ ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी बुधली धरून पुढं झाली.